मधमाशीला सडका कांदा शिकवता येईल का?

प्रश्न निफाडकडच्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. थोडक्यात असा: "२५ टनांची कांदाचाळ आहे. वरून माल ठणठणीत दिसतो, पण आतल्या थरात सड कधी लागते ते कळत नाही. कळतं तेव्हा चाळीखाली पाणी ठिबकत असतं. परदेशात मधमाश्यांना काही मिनिटांत सुरुंगाचा वास शिकवतात असं वाचलं. मग सडक्या कांद्याचा का नाही शिकवता येणार? शेजारच्या काकांकडे सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत. कुठून सुरुवात करू?"

शिकवता येईल, हे आधीच सांगून टाकते. मी १९ वर्षं प्रयोगशाळेत हेच केलं. माशीला वास द्यायचा, साखर द्यायची, सोंड बाहेर येते का बघायचं. माशी शिकत नाही अशी तक्रार करायची वेळ माझ्यावर क्वचित आली. तक्रारी झाल्या त्या बहुतेक आम्हा माणसांच्या. म्हणून तुमचा प्रश्न जरा फिरवून घेते. सडक्या कांद्याचा वास माशीला येईल का, यात फारसं अवघड काही नाही. ढिगाच्या पोटातला वास तिच्यापर्यंत पोचणार कसा, तिला आपण नेमकं काय शिकवलं, आणि तिने 'हो' म्हटल्यावर त्या 'हो'चं तुम्ही काय करणार, खरी मेख तिथे आहे.

शिकवण्याची पद्धत जरा तपशिलात सांगते, कारण ती डोळ्यांसमोर आली की पुढचे अडथळे निम्मे आपोआप समजतात.

मधमाशीच्या मिशीला गोड लागलं की तिची सोंड बाहेर येते. तिला ते शिकवावं लागत नाही. पाव्हलोव्हच्या कुत्र्याला अन्न दिसलं की लाळ सुटायची, तसंच. त्या गोडाच्या आधी दर वेळी एकच वास दिला, तर थोड्याच खेपांत नुसत्या वासानेही सोंड बाहेर येते. मधमाश्यांना वास आणि रंग शिकवता येतात हे कार्ल फॉन फ्रिश यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं (१९७३ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता), पण ते मोकळ्या उडणाऱ्या माश्यांवर. माशी एका जागी बसवून, सोंडेवरून तिचा अभ्यास तपासायची ही पद्धत जपानच्या ताकेदांनी १९६१ साली वासासाठी वापरली आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तीच चालते.

आमच्याकडे ते असं चालायचं. सकाळी पेटीच्या दारातून बाहेर पडणाऱ्या माश्या एकेक करून काचेच्या छोट्या बाटलीत धरायच्या. बाटली बर्फात रोवायची. दोन-तीन मिनिटांत माशी निपचित पडते. लगेच काढायची, विसरलात तर मरते किंवा दिवसभर सुस्त राहते. मग बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या नळीत ती अशी बसवायची की फक्त डोकं बाहेर, आणि मानेमागून चिकटपट्टीची बारीक चिंधी. शाल घट्ट लपेटून ओट्यावर बसलेल्या आजीसारखी दिसते. जाग आली की साखरेच्या पाण्याचा एक थेंब, आणि मग दोनेक तास उपास. पोट भरलेली माशी शाळेत लक्ष देत नाही.

धडा सुरू करताना तिच्या मागे एक छोटा एक्झॉस्ट फॅन लावायचा. हा फॅन नवखी मंडळी हमखास विसरतात. मग पहिल्या माशीला दिलेला वास खोलीत रेंगाळतो आणि पुढच्या सगळ्यांचा धडा बिघडतो. समोरून स्वच्छ हवेचा झोत. पंधरा सेकंद काहीच नाही. मग त्याच झोतात वास. चार सेकंद झाले की टूथपिकचं टोक साखरेच्या पाण्यात बुडवून मिशीला टेकवायचं. साखर आणि पाणी साधारण समसमान वजनाने. सोंड झटकन खाली उलगडते, तपकिरी आणि चकचकीत, घडीचा चाकू उघडावा तशी. दोन-तीन सेकंद पिऊ द्यायचं. दहा मिनिटं सुट्टी. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला वास सुरू झाल्या झाल्या, टूथपिक अजून वाटीतच असताना, सोंड बाहेर येते. हे मी हजारो वेळा पाहिलं असेल, तरी त्या क्षणी खुर्चीत जरा पुढे सरकतेच.

मधल्या दहा मिनिटांच्या सुट्टीत काटकसर करू नका. सलग घाईने दिलेल्या तीन धड्यांची आठवण लवकर विरते. सुट्टी देऊन दिलेले तीन धडे माशी काही दिवस बाळगते. शाळेत आपल्यालाही हे सांगायचे, पण ऐकतंय कोण.

आता एवढ्याशा जिवाकडून ही अपेक्षा कशाच्या जोरावर ठेवायची? मधमाशीच्या मेंदूत दहा लाखांच्या आसपासच चेतापेशी असतात, पण वास पकडणारी जनुकं सुमारे १७० आहेत. फुलाफुलातला फरक, कालचं फूल आणि आजचं फूल, मध असलेलं आणि नुकतंच चाटून गेलेलं, हे ओळखण्यावर तिचं पोट अवलंबून. त्यामुळे वास वेगळा करणं हा तिचा रोजचा धंदाच आहे. आपण फक्त त्या धंद्यात आपलं गिऱ्हाईक घुसवतो.

तुम्ही वाचलेल्या सुरुंगांच्या गोष्टी खऱ्या आहेत, मात्र त्या दोन वेगळ्या जातीच्या आहेत आणि बातम्यांत त्यांची सरमिसळ होते. एक, माशी बांधलेली, वास तिच्याकडे आणायचा. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेने २००६ साली जाहीर केलेलं काम या प्रकारचं. नळ्यांत बसवलेल्या माश्या, समोर कॅमेरा, स्फोटकाचा वास आला की सोंडा बाहेर. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या संशोधन केंद्रातून निघालेल्या इनसेंटिनेल कंपनीने तर ३६ माश्यांच्या कॅसेट बसतील असं हातात धरायचं यंत्रच केलं. दुसरा प्रकार, माशी मोकळी, ती वासाकडे जाते. अमेरिकेतल्या माँटाना विद्यापीठात जेरी ब्रॉमेनशेंक आणि क्रोएशियात झाग्रेब विद्यापीठातले निकोला केझिच यांनी हे केलं. साखरेच्या पाण्याजवळ टीएनटी या स्फोटकाचा वास ठेवून अख्ख्या वसाहतीला सवय लावायची आणि मग माश्या कुठे जास्त घुटमळतात ते बघायचं. इथे गंमत अशी की माशी जमिनीवर उतरत नसल्याने सुरुंग उडायची भीती नाही, पण ती कुठे घुटमळतेय हे बघायला माणूस त्या शेतात पाऊल ठेवू शकत नाही. म्हणून माँटानाच्या मंडळींनी लेझर किरणांनी दुरून माश्या मोजायचं तंत्र वापरलं, आणि क्रोएशियात पुढे ड्रोनवरून चित्रण केलं. माशी शिकली एका दिवसात, तिचं म्हणणं ऐकायला मात्र वर्षं लागली. तुमच्या चाळीतही तेच होणार आहे.

तुमच्यासाठी दुसरा प्रकार बाद. ढिगाच्या आत माशी शिरत नाही आणि चाळीत मोकळ्या माश्या सोडून मजूर निवडायला बसणार नाहीत. राहिला पहिला प्रकार, नळीत बसवलेली माशी आणि तिच्याकडे आणलेली हवा.

आता माझी एक फजिती सांगते, कारण ती ऐकल्याशिवाय पुढचा मुद्दा गळी उतरत नाही. आम्ही एकदा फळमाशी लागलेला हापूस ओळखायचा प्रयत्न करत होतो. वरून डाग नाही, आत अळी, असा आंबा. माश्या शिकवल्या, तपासल्या, आणि दहापैकी नऊ बरोबर. आठवडाभर आम्ही हवेत. मग आमच्याकडचे मदतनीस मामा, ज्यांनी आयुष्यात एकही शोधनिबंध वाचला नव्हता, सहज म्हणाले, "मॅडम, अळीचे आंबे पेपरात गुंडाळून येतात आणि चांगले पेंढ्यात. ते चालतं का?" मी रिकाम्या डब्यात वर्तमानपत्राचा बोळा ठेवला आणि त्यावरून हवा सोडली. सहाच्या सहा सोंडा बाहेर. आमच्या माश्यांना फळमाशीचं काहीही देणंघेणं नव्हतं. छापील शाईचा वास आला की साखर मिळते, एवढं त्या चोख शिकल्या होत्या. चूक त्यांची शून्य.

म्हणजे माशी आपल्याला हवं ते शिकत नाही. साखर मिळालेल्या डब्यांत जे सामाईक असेल आणि न मिळालेल्यांत नसेल, ते ती शिकते. म्हणून नुसतं 'सडका कांदा म्हणजे साखर' असं शिकवून भागणार नाही. तिला हेही शिकवावं लागेल की चांगला कांदा म्हणजे काही नाही, मोड आलेला कांदा म्हणजे काही नाही, ओली पात, गोणपाट, चाळीचा बांबू, भिजलेली माती, तुमच्या हाताचा साबण, यातलं कशालाच साखर नाही. दोन्ही प्रकारचे वास अदलाबदल करून, क्रम न ठरवता, सारख्याच डब्यांतून द्यायचे. डबे एकाच दुकानातले, एकाच दिवशी धुतलेले. खेपेला कोणता डबा आहे हे टूथपिक धरणाऱ्याला माहीत असतं, पण शेवटची परीक्षा घेणाऱ्याला ते कळता कामा नये, कारण 'येतेय, येतेय, आली' असं म्हणत अर्धवट हललेली सोंडही आपण 'हो'त धरतो. मी धरलेली आहे.

दुसरी गोष्ट कांद्याचीच. 'सड' हा एक वास नाही. काळी बुरशी वेगळी, मानकूज वेगळी, जिवाणूंमुळे पाणी सुटून होणारी मऊ सड वेगळी. त्यांचे वास माझ्या नाकालाही वेगळे येतात, माशीला तर येणारच. एका प्रकारावर शिकवलेली माशी दुसऱ्याला गप्प बसली तर ती नापास झाली असं म्हणता येत नाही, तो धडा तिला दिलेलाच नव्हता. तुमच्या चाळीत दर वर्षी कोणती सड जास्त असते ते आधी ठरवा. पाणी ठिबकतं म्हणताय त्यावरून मऊ सडीचा संशय येतो, पण न पाहता मी खात्रीने सांगणार नाही.

आणि सगळ्यांत मोठी अडचण अशी की घाण मारणारा कांदा शिकवून काही उपयोग नाही. त्याचा वास तुम्हालाही येतो, चाळीच्या दारातूनच. तुम्हाला हवा तो सुरुवातीचा, मान किंचित मऊ पडलेला, बाहेरून निरोगी दिसणारा. तो शिकवायला हातात असला पाहिजे, आणि न कापता तो कोणता हे कळत नाही. यावर आमच्याकडचा उपाय कंटाळवाणा पण पक्का आहे. शंभर-दीडशे कांदे घ्या. प्रत्येक कांदा स्वतंत्र झाकणाच्या डब्यात ठेवा, नंबर टाका. तासाभराने डब्यातली हवा वापरा किंवा स्वच्छ कापसावर तो वास धरून बंद बाटलीत ठेवा. त्यानंतर लगेच प्रत्येक कांदा उभा कापून बघा आणि वहीत लिहा: निरोगी, मान मऊ, एक पापुद्रा गेला, अर्धा गेला. त्या वहीवरून ठरवा कोणत्या नंबरचा वास 'साखर' आणि कोणता 'काही नाही'. माझ्या मते हे वहीचं काम म्हणजे प्रकल्पाचा पाऊण भाग. उरलेल्या पाव भागात माशी येते.

कांद्याच्या बाबतीत आशेला जागा आहे हेही सांगायला हवं. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात कांद्याच्या 'सावर स्किन' या जिवाणूजन्य रोगाचा वास वायू-सेन्सरांच्या संचाने ओळखायचं काम झालं आहे. म्हणजे साठवणीतला रोगट कांदा हवेत काहीतरी वेगळं सोडतो, आणि ते यंत्रालाही पकडता येतं. कांद्याच्या स्वतःच्या गंधकी वासाच्या गदारोळात माशी ते वेगळं काढू शकेल असं मला वाटतं. जाता जाता, कांद्याचं आणि मधमाशीचं नातं तसं फार गोडीचं नाही. कांद्याच्या फुलांतल्या मधुरसात पोटॅशियम जास्त असतं आणि ते माश्यांना रुचत नाही. कांद्याचं बियाणं घेणाऱ्यांना शेजारी दुसरं फूल फुललेलं असलं की माश्या तिकडे पळाल्याचा अनुभव येतो, तो यामुळेही. तुमच्या प्रयोगात मात्र हे आड येणार नाही. नळीत बसलेल्या माशीला निवड नसते, आणि साखर आपल्या वाटीतली असते.

एक माशी चुकली तर काय, असं तुम्ही विचाराल. चुकतेच. म्हणून एकीवर विसंबायचं नाही, मतदान घ्यायचं. समजा तुमची एक माशी सड असताना दहापैकी आठ वेळा सोंड काढते आणि सड नसताना दहापैकी एकदा उगाचच काढते. बरी विद्यार्थिनी, हुशार नाही. अशा दहा माश्या एका झोतासमोर बसवा आणि नियम करा की पाच किंवा जास्त सोंडा आल्या तरच 'हो'. हिशेब केला तर खरी सड हजारात साधारण सहा वेळाच निसटेल, आणि खोटी हाक हजारात दीड-दोन वेळा. दहा मध्यम माश्या मिळून एक अफलातून नाक होतं. पण हा हिशेब प्रत्येक माशी आपापली स्वतंत्र चूक करते, या अटीवर उभा आहे. आमच्या आंब्याच्या सहा माश्यांनी एकमताने वर्तमानपत्राला कौल दिला होता. दहा नाही, दहा हजार बसवल्या असत्या तरी तेच झालं असतं. मतदानाने माशीची चूक धुऊन निघते, शिकवणाऱ्याची नाही.

आता 'हो'चं काय करणार, या प्रश्नाकडे येते. सुरुंग शोधणाऱ्याला 'आहे' एवढं कळलं तरी पुरे असतं, कारण बहुतेक जागी तो नसतोच. तुमच्या चाळीत उलटं आहे. २५ टन कांद्यात जुलैनंतर कुठेतरी एखादा सडलेला असणारच. पूर्ण चाळीची हवा माशीसमोर आणली तर ती रोज 'हो' म्हणेल आणि बरोबरच म्हणेल. तुम्हाला हवं आहे ते 'कुठे' आणि 'वाढतंय का'. माशी हे सांगत नाही, तिचं उत्तर एका शब्दाचं. कुत्रा मालकाला ओढत नेतो, वासाच्या उगमापाशी बसतो, डोळ्यांत बघतो. नळीतली माशी फक्त जीभ दाखवते. त्यामुळे 'कुठे'चं उत्तर हवं असेल तर हवा कप्प्याकप्प्यातून वेगळी आणावी लागेल, आणि ती सोय माशीने नाही, तुम्ही करायची आहे.

हवामानाचंही बघा. उन्हाळ कांदा चाळीत जातो एप्रिल-मेला, सडीचा जोर पावसाळी दमटपणात. आणि नेमका पावसाळा हा सातेरीचा हलाखीचा काळ. फुलोरा कमी, पावसाने बाहेर पडता येत नाही, वसाहत रोडावते, साखरपाणी देऊन जगवावी लागते. काकांनी अशा दिवसांत रोज वीस-तीस कामकरी माश्या काढून द्यायच्या म्हणजे मोठं मन हवं. शिवाय बाहेर फिरणारी कामकरी माशी आधीच उतारवयाची असते. तुम्ही शिकवलेली तुकडी काही दिवसांत संपते आणि नवी बसवावी लागते. कुत्र्याला तयार करायला महिने लागतात, पण तो मग वर्षानुवर्षं काम करतो. माशीचं उलटं, तयारी दुपारभराची आणि नोकरी आठवड्याचीही नाही. विमानतळांवर माश्यांची यंत्रं का दिसत नाहीत, याचं अर्धं उत्तर माझ्या मते इथे आहे. रोज सकाळी कोणीतरी नवा वर्ग भरवायचा, हे काम कुठल्याही खात्याला नको असतं.

आणि शिकवलेलं पुसलंही जातं. परीक्षा घेताना आपण साखर देत नाही. चार-पाच वेळा वास आला आणि साखर आली नाही की माशी सोंड काढणं थांबवते. तिच्या दृष्टीने ते फूल आटलं. त्यामुळे अधूनमधून खात्रीच्या सडक्या वासाला साखर देऊन धडा ताजा करावा लागतो. पण फार दिलीत तर पोट भरतं आणि ती पुन्हा गप्प. हा तोल हातालाच बसतो, लिहून सांगता येत नाही.

"मग मधमाशीच का?" असंही कुणी विचारेल. खरंच, दुसरे उमेदवार आहेत. जॉर्जियातच टिफ्टन इथे जो लुइस आणि ग्लेन रेन्स यांनी मायक्रोप्लायटिस क्रोसिपेस नावाची, अळ्यांच्या अंगात अंडी घालणारी छोटी गांधीलमाशी शिकवली. माणसाला ती डंख मारत नाही. साखर चाटत असताना दहा-दहा सेकंद वास, तीनदा, की झालं. त्यांच्या 'वास्प हाउंड' यंत्रात पाच माश्या एका छोट्या कुपीत असतात. ओळखीचा वास आत आला की त्या छिद्रापाशी गर्दी करतात आणि वरचा कॅमेरा ती गर्दी मोजतो. बांधायची, बर्फात ठेवायची कटकट नाही. त्यांनी धान्यावरच्या अस्परजिलस बुरशीचा वासही शिकवून पाहिला होता, म्हणजे तुमच्या काळ्या बुरशीच्या नातेवाइकाचा. पॅरिसजवळच्या सॉर्बोन पॅरिस नॉर विद्यापीठात फॉर्मिका फुस्का या मुंग्यांना कर्करोगाच्या पेशींचा वास शिकवला, २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तीन धडे पुरले, आणि मुंग्या मधमाश्यांपेक्षा जास्त वेळा बिनसाखरेची परीक्षा देतात. नेदरलँड्समध्ये वॅगेनिंगनला २०२१ साली मधमाश्यांनाच कोरोना संसर्गाचा वास शिकवला. यातलं काहीही तुमच्या चाळीत उद्या आणून बसवता येणार नाही. पण पेटी शेजारी आहे आणि माणूस ओळखीचा आहे, ही मधमाशीची तुमच्यापुरती मोठीच लायकी झाली. सातेरी मवाळ असते, नळीत बसवायला मेलिफेरा या युरोपीय मधमाशीइतकीच सोयीची. आग्याच्या वाटेला मात्र चुकूनही जाऊ नका, आणि घरात कुणाला डंखाची ॲलर्जी असेल तर हा खेळ तिथे नको.

इथपर्यंतचं गोळा करते. माशी शिकेल. तिला चांगला कांदाही तितक्याच कसोशीने शिकवा. शिकवण्याआधी कांदे कापून वही तयार करा. दहा माश्यांचं मत घ्या. आणि ती 'कुठे' सांगणार नाही, ते हवेच्या नळ्यांनी शोधा.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं? माल वाचवायचा आहे की प्रयोग करायचा आहे, हे आधी स्वतःशी ठरवलं असतं. दोन्हीत लाज काही नाही, पण दोन्हींना एकाच हंगामात एकाच चाळीवर जुंपलं तर दोन्ही फसतात. माल वाचवायचा असेल तर या वर्षी माश्या विसरा. प्रत्येक कप्प्याच्या मधोमध, ढिगाच्या साधारण मध्यावर, भोकं पाडलेला अर्धा-पाऊण इंची पीव्हीसी पाइप आडवा टाका, एक तोंड बंद, दुसरं चाळीच्या बाहेर, बूच लावलेलं. दर दोन दिवसांनी बूच काढायचं, कॉम्प्युटरला लावतात तसला छोटा पंखा उलटा धरून मिनिटभर आतली हवा ओढायची आणि हुंगायची. सकाळी चहाच्या आधी हुंगा, तंबाखू खाणाऱ्याला हे काम देऊ नका, आणि कोणत्या कप्प्यात कधी वास वाटला ते तारखेसह लिहा. घरातल्या बायकांची नाकं यात बहुतेक वेळा सरस निघतात, हे मी अनुभवाने सांगते, संशोधनाने नाही. त्याच पाइपमध्ये तापमान आणि दमटपणा मोजणारा स्वस्त सेन्सर सरकवता येतो. एखादा कप्पा बाकीच्यांपेक्षा सतत उबदार राहू लागला तर तो आधी उपसा. कांदाचाळीत वायू ओळखणारे सेन्सर लावायचे प्रयत्न नाशिक जिल्ह्यात झालेले आहेत, लासलगाव बाजारात चौकशी केलीत तर वापरणारे भेटतील. ते घ्या असं मी म्हणत नाही, त्यांच्याकडून कुठे फसलं ते ऐका.

प्रयोगच करायचा असेल तर चाळ सोडा, एक क्विंटल कांदा बाजूला घ्या आणि सप्टेंबरअखेर सुरू करा. पाऊस ओसरतो, फुलोरा वाढतो, पेट्या भरतात आणि काकाही खुशीने माश्या देतात. तोपर्यंत जुलै-ऑगस्टमध्ये कापलेल्या कांद्यांची वही तुमच्याकडे तयार असेल. कांद्याच्या साठवणीबद्दल राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयात विचारा, आणि माश्यांबद्दल पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेत किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयात. माश्या काढायच्या कशा, पेटी न दुखावता किती काढायच्या, हे तिथली माणसं हातात देऊन दाखवतात. काम झालं की माशीच्या पाठीवर रंगाचा ठिपका देऊन संध्याकाळी तिच्याच पेटीपाशी सोडा, म्हणजे शिकलेली माशी चुकून पुन्हा कोऱ्या वर्गात येऊन बसणार नाही.

पाइप मात्र दोन्हीसाठी लागणार आहेत, आणि ते चाळ भरतानाच टाकावे लागतात. पाच फुटांचा ढीग लागल्यावर मधोमध पाइप घुसवायला गेलात तर जितके कांदे वाचवायचे आहेत तितकेच ठेचून निघतील.